नागोयातली तीन स्टेशनं आणि अडीच हजार वर्षं
(मंडळाच्या भटकंती गटाचा एक अभ्यासपाठ)

मंडळी, नागोयात राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबावर एक प्रसंग हमखास येतो. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे येतात, दोन दिवस घरी आराम करतात आणि तिसऱ्या दिवशी विचारतात, "इथे बघण्यासारखं काय आहे?" आपण किल्ल्याचं नाव घेतो, आत्सुता देवळाचं घेतो, आणि मग थेट क्योतोच्या शिन्कान्सेनची तिकिटं काढतो.

यात आपलाच दोष आहे असंही नाही. २०१६ साली नागोया महापालिकेनेच जपानमधल्या आठ मोठ्या शहरांची पाहणी करवून घेतली, तेव्हा 'जावंसं वाटणारं शहर' म्हणून नागोयाचा नंबर शेवटचा आला. किल्ल्याचा मूळ बुरूज १६१२ सालचा, पण तो १४ मे १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. आज दिसतो तो १९५९ सालचा काँक्रीटचा, आणि तोही भूकंपाच्या धोक्यामुळे मे २०१८ मध्ये लोकांसाठी बंद केला गेला. मग पाहुण्यांना दाखवायचं काय?

याच प्रश्नातून आमच्या भटकंती गटाचा नियम तयार झाला. महिन्यातून एक दिवस, एकच मेट्रो लाईन, पायात बूट, डब्यात पोहे किंवा ठेपले, आणि निघण्याआधी घरी थोडा अभ्यास. पर्यटकांच्या यादीत नसलेलं ठिकाण आधी निवडायचं. प्रत्येकाने एका थांब्याची माहिती काढायची आणि तिथे उभं राहून बाकीच्यांना सांगायची. लहान मुलांनीसुद्धा! आज या स्मरणिकेसाठी आम्ही आमची सगळ्यात आवडती वाट लिहून देत आहोत. हिगाशियामा लाईनवरची ओळीने तीन स्टेशनं: काकुओझान, मोतोयामा आणि हिगाशियामा कोएन. नागोया स्टेशनवरून काकुओझानला पोचायला साधारण पंधरा मिनिटं लागतात. या पंधरा मिनिटांच्या पलीकडे भारत इतका जवळ आहे, हे आम्हाला इथे बरीच वर्षं राहूनही ठाऊक नव्हतं.

पहिला थांबा : नित्ताईजी, दानातून उभं राहिलेलं देऊळ

काकुओझान स्टेशनच्या बाहेर पडलं की देवळाकडे जाणारा सरळ रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना जुनी दुकानं, मिठाईवाले, छोटे कॅफे. दर महिन्याच्या २१ तारखेला इथे बाजार भरतो, कारण तो कोबो दाइशी या संताचा दिवस. आपल्याकडे एकादशीला देवळाबाहेर जशी गर्दी असते तसं वातावरण असतं. शक्य असेल तर २१ तारखेलाच जा.

'काकुओ' म्हणजे जागृत झालेल्यांचा राजा, अर्थात बुद्ध. 'नित्ताईजी' म्हणजे जपान-थाई देऊळ. जपानमध्ये थाई नाव कुठून आलं, हे समजून घ्यायला आपल्याला उत्तर प्रदेशात जावं लागेल.

१८९८ साली नेपाळच्या सीमेजवळ पिप्रहवा या गावात विल्यम क्लॅक्स्टन पेप्पे नावाच्या इंग्रज जमीनदाराने आपल्या जमिनीतला एक मोठा विटांचा ढिगारा खणला. तो ढिगारा म्हणजे स्तूप निघाला. आत दगडी पेटी, पेटीत कलश, कलशात अस्थी आणि शेकडो लहान लहान रत्नं. एका कलशावर ब्राह्मी लिपीत लेख होता आणि त्यात शाक्यांचा आणि भगवान बुद्धांचा उल्लेख होता. ब्रिटिश सरकारने त्यातल्या अस्थी सयामचा (आजच्या थायलंडचा) राजा चुलालाँगकॉर्न याला दिल्या, कारण तो त्या काळचा मोठा बौद्ध राजा. त्या राजाने त्या आपल्यापाशीच न ठेवता वाटल्या. १९०० साली त्यातला एक भाग जपानच्या बौद्ध जनतेला मिळाला.

आता जपानपुढे पेच पडला. पंथ अनेक, अस्थी एक. ठेवायच्या कुठे? क्योतोसारखं देवळांचं शहर स्पर्धेत होतं. नागोयाच्या लोकांनी आणि अधिकाऱ्यांनी मिळून एक लाख त्सुबो जमीन देऊ केली. आपल्या हिशेबाने सुमारे ८० एकर! आणि क्योतोला मागे टाकून नागोयाने हे देऊळ मिळवलं. १९०४ साली ते उभं राहिलं. ते कोणा एका पंथाचं नाही. निरनिराळ्या पंथांचे प्रमुख आळीपाळीने इथले मुख्य पुजारी होतात. आवारात राजा चुलालाँगकॉर्नचा पुतळा आहे, त्याला नमस्कार करायला विसरू नका.

अस्थी मात्र मुख्य देवळात नाहीत, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. आम्हीही पहिल्या वेळी मुख्य देवळात हात जोडून, फोटो काढून परत निघालो होतो. रस्ता ओलांडून थोडं पुढे गेलं की दगडी स्तूप आहे, 'होआन्तो'. १९१८ साली बांधलेला, १५ मीटर उंच. त्याचा आराखडा इतो चुता या वास्तुविशारदाचा. हा गृहस्थ १९०२ ते १९०५ अशी तीन वर्षं चीन, भारत, तुर्कस्तान असा आशियाभर फिरला होता. (तोक्योचं त्सुकिजी होंगान्जी देऊळ पाहिलं असेल तर तेही याचंच, १९३४ सालचं.) म्हणून हा स्तूप जपानी पॅगोडासारखा दिसत नाही. तो गांधार शैलीतला आहे. लोकांना दर्शन दारातून, लांबूनच घ्यावं लागतं. गर्दी नसते. झाडी, शांतता आणि आपल्या मातीतून इथवर आलेली एक ठेव!

या गोष्टीला अगदी अलीकडचा एक शेवट आहे. पिप्रहवाच्या रत्नांपैकी बहुतेक कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेली, पण काही पेप्पे कुटुंबाकडे राहिली. मे २०२५ मध्ये त्यांचा हाँगकाँगमध्ये लिलाव ठरला. भारत सरकारने हरकत घेतली, जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला आणि लिलाव थांबला. जुलै २०२५ मध्ये ती रत्नं भारतात परत आली, मुंबईच्या गोदरेज समूहाच्या मदतीने. आमच्या गटात त्या दिवशी यावर चांगलीच चर्चा रंगली. एकाच खड्ड्यातून निघालेल्या दोन गोष्टी. एक दान होत होत सयाममार्गे नागोयाला आली आणि तिच्यामुळे शहराला एक देऊळ, एक बाजार आणि एक वस्ती मिळाली. दुसरी सव्वाशे वर्षं खासगी राहिली आणि शेवटी तिच्यावर किमतीची चिठ्ठी लागली. देणगीदारांच्या पुस्तिकेत याहून चांगलं उदाहरण आम्हाला सुचलं नसतं.

मधला धडा : फळीवरची पंचमहाभूतं

स्तूपाकडून परतताना मुलांना एक खेळ द्या. जपानी स्मशानभूमीत थडग्यांमागे उंच, अरुंद लाकडी फळ्या उभ्या केलेल्या असतात. त्यांना 'सोतोबा' म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला 'स्तूप'च! बऱ्याच फळ्यांवर वरच्या भागात पाच अक्षरं असतात, चिनी अक्षरांपेक्षा वेगळी, वळणदार. ती सिद्धम् लिपी, म्हणजे आपल्या देवनागरीची चुलत बहीण. वरून खाली वाचायचं: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. पंचमहाभूतं!

सिद्धम् लिपी भारतातून केव्हाच लोप पावली. जपानच्या शिंगोन पंथाने ती बाराशे वर्षं जिवंत ठेवली, आणि ती इथे रुजवण्यात मोठा वाटा त्याच कोबो दाइशींचा (इ. स. ७७४ ते ८३५), ज्यांच्या नावाने २१ तारखेचा बाजार भरतो. आमच्या गटातल्या आठ वर्षांच्या एका मुलीने 'र' आणि 'व' ओळखायचा प्रयत्न केला आणि आईला म्हणाली, "आई, हे आपलं मराठीच आहे, फक्त यांचं अक्षर खराब आहे." दर रविवारी मराठी शाळेत जायला कुरकुर करणारी ही पोरगी त्या दिवशी तासभर अक्षरं शोधत होती.

दुसरा थांबा : योकिसो, नागोयातलं अजिंठा

देवळापासून चालत पाच-सात मिनिटांवर एका उंच इमारतीच्या शेजारी, झाडीत एक बंगला दडला आहे. इथे एक सूचना: सोमवारी जाऊ नका! ओबोनच्या सुट्टीतला एक सोमवार आम्ही याच्या बंद दारासमोर ठेपले खाण्यात घालवला आहे.

नागोयात 'मात्सुझाकाया' हे नाव सगळ्यांना माहीत आहे. या डिपार्टमेंट स्टोअरचं मूळ १६११ सालच्या इतो घराण्याच्या दुकानात आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासूनचा हा व्यापार. या घराण्याचे पंधरावे वारस इतो जिरोझाएमोन सुकेतामी यांनी १९१० साली त्या जुन्या कापडदुकानाचं डिपार्टमेंट स्टोअर केलं. याच गृहस्थांनी १९१८ पासून काकुओझानच्या टेकडीवर आपली बाग आणि बंगले उभारायला सुरुवात केली. त्याचं नाव योकिसो. भरभराटीच्या काळात तिथे तीसहून जास्त इमारती होत्या. मोठमोठे लोक पाहुणे म्हणून येत, आणि आशियातल्या देशांतून आलेले विद्यार्थीही इथे राहत.

१९३४ साली सुकेतामी बौद्ध तीर्थस्थळांच्या यात्रेसाठी भारतात गेले. परत आल्यावर १९३७ साली त्यांनी 'चोशोकाकु' नावाचं अतिथिगृह बांधलं. बाहेरून ते डोंगरातल्या लॉजसारखं दिसतं, लालसर भिंती आणि लाकूड. वरचे मजले पाहून जिना उतरून तळघरात जायचं. आणि तिथे थांबायचं.

तळघर भारतीय आहे! नृत्यासाठी बांधलेली एक खोली, भारतीय धाटणीची नक्षी, आणि भिंतीवर अजिंठ्याच्या शैलीतली चित्रं. ती हरिहरन नावाच्या एका भारतीय विद्यार्थ्याने रंगवलेली. स्वातंत्र्यपूर्व काळात, घरापासून हजारो मैलांवर, एक भारतीय मुलगा जपानी व्यापाऱ्याच्या तळघरात अजिंठा रंगवतो आहे, ही कल्पनाच आम्हाला भारावून गेली. आपण इथे येऊन कोड लिहितो, त्याने भिंत लिहिली.

आमच्या एका सदस्याच्या आई तेव्हा जळगावहून आल्या होत्या. अजिंठा त्यांच्या घरापासून दीड-दोन तासांवर. गुडघे दुखतात म्हणून त्या जिना उतरायला तयार नव्हत्या. "तळघरात काय बघायचं? तुम्ही या जाऊन," म्हणाल्या. आम्ही आग्रह केला, आणि दोघींनी हात धरून त्यांना खाली नेलं. भिंतीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आपल्या लेण्यातली माणसं. ही कधी आली इकडे?" परतीच्या वाटेवर त्या नातवाला लेण्यांतली शाळेची सहल सांगत होत्या. तो नातू एरवी आजीशी दोन वाक्यांपलीकडे मराठी बोलत नाही. त्या दिवशी तो प्रश्न विचारत होता.

या तळघरातून सुमारे १७० मीटर लांबीचं भुयारही काढलेलं होतं. ते कशासाठी, याबद्दल निरनिराळे तर्क आहेत. मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, त्यांना त्यांचे तर्क करू द्या.

पण हे सगळं टिकलं कसं? हा खरा अभ्यासाचा भाग.

अजिंठ्याची चित्रं जपण्याचा इतिहास हा आगींचा इतिहास आहे. १८१९ साली लेणी पुन्हा उजेडात आली. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं तिथे राहून केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून नव्याने नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. जपानमध्ये नारा इथल्या होर्युजी देवळातली भित्तिचित्रं अजिंठ्याच्या नात्यातली मानली जातात. ती २६ जानेवारी १९४९ च्या आगीत होरपळली. त्या धक्क्यातून जपानने पुढच्याच वर्षी सांस्कृतिक ठेवा जपण्याचा कायदा केला. आजही २६ जानेवारीला जपानभर जुन्या देवळांत आग विझवण्याची कवायत होते. आपण झेंडावंदन करतो त्याच दिवशी!

योकिसोवरही आग आली. १९४५ च्या हवाई हल्ल्यांत इथल्या बऱ्याच इमारती गेल्या. चोशोकाकु वाचलं. नंतर जमिनीचे तुकडे झाले, आजूबाजूला उंच इमारती आल्या. शेवटी उरलेला भाग नागोया शहराला दान मिळाला, दुरुस्ती झाली आणि २०१३ साली चोशोकाकु लोकांसाठी खुलं झालं. आम्हाला माहिती सांगणारे बहुतेक जण निवृत्त स्वयंसेवक होते. एका आजोबांनी आम्हालाच उलट विचारलं, "तुम्ही त्या लेण्यांच्या राज्यातले ना? मग सांगा, मूळ चित्रांचे रंग कसे आहेत?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाराजणांत अजिंठा पाहिलेले तिघेच, आणि त्यातला एक पाचवीच्या सहलीत. तेव्हा फार ओशाळल्यासारखं झालं, हे इथे कबूल करतो.

तिसरा थांबा : हिरवा बुद्ध आणि दोन हत्ती

योकिसोहून मोतोयामाला चालत जाता येतं. तिथे तोगान्जी नावाचं देऊळ आहे. ओदा नोबुनागाच्या भावाने, नोबुयुकीने, वडील नोबुहिदे यांच्या स्मरणार्थ ते बांधलं. आवारात १९८७ सालची हिरव्या रंगाची बुद्धमूर्ती आहे, चौथऱ्यासकट १५ मीटर. चौथऱ्याभोवती हत्ती आहेत. देवळात बेन्झायतेन आहे, म्हणजे आपली सरस्वती. वीणेच्या जागी बिवा हे जपानी वाद्य. आपण मंडळात गणपती बसवतो आणि सरस्वतीपूजन करतो, तेव्हा शेजारचे जपानी लोक कुतूहलाने पाहतात. त्यांना सांगायला हरकत नाही की यातली सरस्वती तुमच्याकडे आमच्या आधीच येऊन राहिली आहे!

पुढचं स्टेशन हिगाशियामा कोएन. प्राणिसंग्रहालय १९३७ सालचं. मुलांना घेऊन आपण सगळेच जातो, पण हत्तींची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. युद्धकाळात जपानमधल्या प्राणिसंग्रहालयांना मोठे प्राणी मारून टाकण्याचे हुकूम आले. तोक्योच्या उएनोमधले तीनही हत्ती १९४३ मध्ये गेले. नागोयात मात्र तेव्हाचे संचालक किताओ एइइची यांनी हत्तींसाठी जिवाचं रान केलं. चार हत्तींपैकी दोन उपासमारीच्या काळात गेले, पण माकानी आणि एल्दो या दोघी युद्ध संपेपर्यंत जगल्या. तोक्योच्या मुलांनी त्यातली एक मागितली, पण दोघींना वेगळं करणं जमेना. मग १९४९ साली मुलांनाच नागोयाला आणायला खास 'हत्ती रेल्वे' सोडल्या गेल्या. त्याच वर्षी तोक्योच्या मुलांच्या पत्रांना उत्तर म्हणून पंडित नेहरूंनी 'इंदिरा' नावाची हत्तीण उएनोला पाठवली. पुन्हा दानच!

पुढच्या वाटा

ज्यांना अजून चालायचं आहे त्यांच्यासाठी दोन नावं. एक, शिकेमिची. १६१० साली किल्ल्याच्या बांधकामासाठी खणलेल्या होरिकावा कालव्याकाठची व्यापाऱ्यांची गल्ली. १७०० सालच्या आगीनंतर ती मुद्दाम सात मीटर रुंद केली, आणि कालव्याच्या बाजूला जाड भिंतींची गोदामं आहेत. इथे घरांच्या छपरावर छोटी देवळं दिसतात, 'यानेगामी', छपरावरचे देव. दुसरं, टोयोटाचं उद्योग आणि तंत्रज्ञान संग्रहालय, जुन्या लाल विटांच्या कापडगिरणीत. तिथे माग चालताना पाहा आणि हेही आठवा की १८९३ साली जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने जपानी कंपनीची मुंबई ते कोबे बोट सुरू झाली, ती मुख्यतः आपल्याकडचा कापूस आणण्यासाठी. नागोयाची मोटार मागातून आली, आणि जपानचे माग आपल्या कापसावरही चालले.

तुम्हीही काढा अशी पायपीट

आमच्या अनुभवातून चार गोष्टी. एका दिवसात तीनच थांबे ठेवा, चौथ्याला मुलं रडतात. प्रत्येक थांब्यावर बोलणारा वेगळा असू द्या. भारतातून आलेल्या आई-बाबांना, आजींना बरोबर न्या, त्यांच्याकडे आपल्याला नसलेली माहिती असते. आणि जिथे स्वयंसेवक आहेत तिथे दोन शब्द बोला, दानपेटीत काही टाका. ती भिंत त्यांच्यामुळे उभी आहे.

त्या आजोबांच्या प्रश्नाने आमच्या गटाने एक ठराव केला: पुढच्या भारतभेटीत प्रत्येक कुटुंबाने मुलांना अजिंठ्याला न्यायचं आणि रंगांचं उत्तर घेऊन यायचं. दोन कुटुंबं जाऊन आली. एका मुलाने लेण्यातल्या निळ्या रंगाबद्दल चित्र काढून चिठ्ठी लिहिली, अर्धी जपानीत, अर्धी मराठीत, आणि ती आम्ही योकिसोला नेऊन दिली. आजोबांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

या स्मरणिकेतून जमणारा निधी गावाकडच्या शाळांच्या ग्रंथालयांसाठी आहे. तुम्ही दिलेल्या पुस्तकांपैकी कोणतं पुस्तक कोणत्या मुलाला कुठे घेऊन जाईल, हे आज सांगता येणार नाही. हरिहरनला भिंत देणाऱ्या इतोंना तरी कुठे माहीत होतं, की पाऊणशेहून अधिक वर्षांनी जळगावची एक आजी तिथे येऊन आपली माणसं ओळखेल? देणाऱ्याने देत राहावं, एवढंच आम्ही या तीन स्टेशनांवर शिकलो. पुढच्या महिन्यात शिकेमिची. डबा आणा, आणि सोमवार टाळा!